‘सगळं टेबलावर ठेवलेलं असेल’ : बदली शिक्षिकेच्या पहिल्या दिवसाबद्दल

तुम्ही लिहिलंय की उद्या एका दिवसासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या वर्गावर जायचंय, वर्ग शांत कसा ठेवायचा आणि काय घालून जायचं कळत नाहीये, आणि ऑफिसने फोनवर सांगितलंय की ‘सगळं टेबलावर ठेवलेलं असेल’. बाकीचं वाचून मी पुढे गेले असते. त्या शेवटच्या वाक्याने थांबले. हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं, शब्दाशब्दाने.

वेळेआधी पोचा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला कळतंच. मी थेट हजेरीवर येते, कारण माझं नाक तिथेच कापलं गेलं.

माझ्या टेबलावर सुकलेला मार्कर, एक पाठ्यपुस्तक आणि हजेरीपट एवढंच होतं. कोण कुठे बसतं याचा तक्ता मागायला ऑफिसात गेले, तर समोरच्या व्यक्तीने फोन कानाला तसाच ठेवून हाताने ‘वर्गावर जा’ अशी खूण केली. गेले. पहिलाच तास, त्यात मुलं बदली बाई बघून खुशीत. मी खाली मान घालून नावं वाचत होते आणि ‘हजर’, ‘हजर’ असा आवाज आला की टिक करत होते. पटावर ३४ नावं, ३४ टिका. इतका शहाणा वर्ग मिळाला म्हणून मनातल्या मनात खूषसुद्धा झाले.

मधल्या सुट्टीत एका मुलाची आई त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली. मुलगा सापडेना. तो सकाळपासून शाळेत आलेलाच नव्हता, त्याच्या नावाला मागच्या बाकावरून दुसऱ्याच कोणीतरी ‘हजर’ म्हटलं होतं. त्या शाळेत गैरहजेरीची खूण झाली की घरी लगेच मेसेज जायचा. मी ‘हजर’ची टिक केल्यामुळे तो मेसेज गेलाच नाही. पुढचा दीड तास त्या बाईंचा चेहरा मी बघत होते, तो सांगण्यासारखा नाही. मुलगा जवळच्या मैदानावर सुखरूप सापडला. दुपारी ऑफिसने मला बोलावलं आणि सकाळी मागितलेला तक्ता, मुलांच्या फोटोंसकट, खणातून काढून समोर ठेवला. कशासाठी? तर ‘हे बघून ओळखायला हवं होतं’ हे सांगण्यासाठी! वर ‘सही तुमची आहे’. लेखी खुलासा मी दिला. त्या वर्षी तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही.

ऑफिसचा राग आजही आहे, पण चूक माझीही होती. मी नावं मोजली, डोकी मोजली नाहीत. हजेरी झाली की उभं राहून डोकी मोजा, आकडा पटावरच्या ‘हजर’च्या टिकांशी जुळला तरच सही करा. एखादा कमी भरला तर आवाज न चढवता ‘एक जण कमी आहे, मी पुन्हा नावं घेते’ म्हणा आणि या वेळी हात वर करायला लावून चेहऱ्याकडे बघा. प्रयोगशाळेत, मैदानावर, कुठेही वर्ग हलला की निघताना मोजा आणि पोचल्यावर मोजा. नावाच्या पाट्या करून घ्या असं बरेच जण सुचवतील, पण या वयाची पोरं पाट्या बदलतात. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःची वही नाव वर येईल अशी बाकावर ठेवायला सांगा. वहीतलं अक्षर बदलता येत नाही.

ऑफिसमधून तीन गोष्टी घेतल्याशिवाय वर्गात पाऊल टाकू नका, समोरचा कितीही फोनवर असो: बसण्याचा तक्ता, कोणाला दमा, फिट किंवा जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे आणि त्याचं औषध कुठे ठेवलंय ते, आणि अडचण आली तर नक्की कोणाला बोलवायचं त्या माणसाचं नाव. ‘कोणालाही सांगा’ हे उत्तर घेऊ नका. फिट आली तर तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, आजूबाजूची बाकं सरकवायची, घड्याळ बघायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांपुढे गेली तर रुग्णवाहिका. (मी डॉक्टर नाही. शाळेची स्वतःची लेखी पद्धत असेल तर तीच पाळा.)

आता शांततेबद्दल. इथे माझी मतं जरा ठाम आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या. नवीन धडा सुरू करू नका. नेहमीच्या बाईंना तो परत शिकवावा लागतो आणि मुलांचा दोनदा गोंधळ होतो. झालेल्या धड्यावर प्रत्येकाने शेजाऱ्यासाठी पाच प्रश्न काढायचे, हे काम मला कुठल्याही विषयाला पुरलंय. प्रोजेक्टरच्या भरवशावर जाऊ नका, पासवर्ड रजेवर गेलेल्या बाईंनाच माहीत असतो. प्रश्न विचारला की लगेच उत्तर सांगून टाकू नका. मेरी बड रो या संशोधिकेला १९७०च्या दशकात आढळलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी आणि विचार केलेली येतात. नवख्या माणसाला ते तीन सेकंद फार लांब वाटतात. मनात आकडे मोजा.

‘आमच्या बाई तर आम्हाला असं करू देतात’ हे दहा वेळा ऐकाल. वाद घालू नका. ‘उद्या त्यांना विचारा, आज माझ्या पद्धतीने’ एवढं म्हणून पुढे चला. मुख्याध्यापकांकडे पाठवण्याची धमकी दिवसातून एकदाच देता येते, आणि दिली तर पाठवावंच लागतं. बाहेर एका वेळी एकच जण, त्याचं नाव आणि वेळ फळ्याच्या कोपऱ्यात. मी हे सगळं दहा ते तेरा वर्षांच्या मुलांवरून सांगतेय. अगदी लहान वर्गांना यातलं निम्मं लागू नाही, तिथे कोणी अनुभवी असेल तर त्यांनी सांगावं.

जाताना नेहमीच्या बाईंसाठी एक पानाची चिठ्ठी ठेवा: काय झालं, काय राहिलं, कोणी मदत केली. खोड्यांची यादी नको, एखादी गंभीर गोष्ट असेल तेवढीच लिहा. दिवसाच्या मोबदल्यासाठी कुठे सही करायची असेल तर ती त्याच दिवशी करून मोबाइलवर फोटो काढा. हेही कशावरून सांगतेय ते तुम्ही ओळखलंच असेल, पण ती कहाणी पुन्हा कधीतरी.

आणि कपड्यांचं म्हणाल तर काहीही साधं चालेल. पायात मात्र आवाज न करणारं आणि दिवसभर उभं राहता येईल असं घाला. मागच्या बाकांपर्यंत तुम्हाला वारंवार जायचंय आणि तुम्ही येताय हे तिथे आधी कळायला नको.