शेतीचा अनुभव नसताना इंदूरमध्ये सामूहिक भाजीबागेत स्वयंसेवक म्हणून जाता येईल का?

हो, खुशाल जा; अशा बागेला जाणकारांपेक्षा दर रविवारी न चुकता येणारी माणसं जास्त हवी असतात. आमच्या वसाहतीच्या मोकळ्या भूखंडावरच्या बागेत मी तीन वर्षं जातोय, त्यावरून सांगतो. नवख्याला सहसा वाफ्याला हात लावू देत नाहीत, आधी खताच्या ढिगाकडे पाठवतात. नाक मुरडू नका, खरी विद्या तिथेच आहे. (जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात विकसित केलं!) सुका पाला, ओला कचरा, थोडं शेण आणि माती यांचे थर द्यायचे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवायची. हवा खेळावी म्हणून ढीग अधूनमधून उलथायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. घाण वास आला तर बहुतेक पाणी जास्त झालंय, सुका पाला वाढवा.

सोबत एवढंच न्या:
- जुने कपडे आणि बंद बूट
- पाण्याची बाटली, टोपी

एक मात्र आहे, भर पावसाळ्यात सुरुवात करू नका. माळव्याची काळी माती ओली असताना पाय पडला की दबते, मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे वाफ्यातली कामं बंदच असतात. ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा मेथी, पालक, मुळ्याची पेरणी चालते आणि शिकायलाही जास्त मिळतं.