रक्तात एनके सेल जास्त निघाल्या, त्यामुळेच गर्भ राहत नाही का?

ताई, तुमचं दोनदा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) फेल गेलं, आता रक्तात एनके सेल 18 टक्के आल्या आणि त्या दाबायला डॉक्टर इंट्रालिपिडची ड्रिप घ्या म्हणतायत, घ्यावी का असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही, भुसावळची, याच रस्त्याने गेलेली बाई आहे.

एनके म्हणजे नॅचरल किलर. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "पोटमा मारनारी पेशी शे का वं माय?" अर्धा घोळ त्या नावाचाच आहे. रक्तातल्या एनके व्हायरस लागलेल्या किंवा कॅन्सरच्या पेशी मारतात, गर्भाशयातल्या वेगळ्याच, मारण्याच्या कामात एकदम ढिल्या. पाळीच्या आधीच्या दिवसांत त्या आपोआप वाढतात, आणि दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांत तर गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण 70 टक्के त्याच. त्यांचं काम काय, तर आईच्या पिळदार बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करायची. आपल्याकडे केळीच्या बुंध्याशी जोरात धार सोडली तर मुळं उघडी पडतात ना, पाणी भरपूर पण सावकाश पाहिजे, तसंच वारेला (बाळाला पोसते ती, प्लासेंटा) रक्त लागतं. हे नीट झालं नाही तर पुढे बीपी वाढणं, बाळाची वाढ खुंटणं असं होऊ शकतं. मग अशा पेशी सरसकट दाबून टाकायच्या कशाला?

आणि दंडातून काढलेल्या रक्तावरून गर्भाशयाचं सांगणं म्हणजे जळगावचा पाऊस बघून धुळ्याच्या विहिरीचं पाणी सांगणं. सुई बघून छातीत धडधड झाली तरी तो टक्का बदलतो! ब्रिटनमध्ये आयव्हीएफवर देखरेख ठेवणारी एचएफईए नावाची सरकारी संस्था आहे, तिने या इम्यून (प्रतिकारशक्तीच्या) टेस्ट आणि ट्रीटमेंटला लाल शेरा दिलाय, म्हणजे फायद्याचा भरवशाचा पुरावा नाही किंवा धोका असू शकतो.

मी या इंट्रालिपिडच्या तीन ड्रिप घेतल्या. बाटली दुधासारखी पांढरीशुभ्र, थेंब थेंब तास-दीड तास चालायची, आणि आत काय तर सोयाबीनचं तेल न अंड्याच्या बलकातला एक घटक (सासूबाईंना अंड्याचं अजून सांगितलेलं नाही). पैसे गेले, गर्भ राहिला नाही. नंतर दुसऱ्या मॅडमनी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला तर टीबी निघाला, खोकला नाही ताप नाही काही नाही, सहा महिने गोळ्या खाल्ल्या. आपल्या देशात हे कारण बरंच सापडतं पण आधीच्या सेंटरला ते सुचलं नव्हतं.

तुमचं तेच असेल असं नाही हां. पण ड्रिपला हो म्हणायच्या आधी अस्तर, नळ्या, थायरॉइड आणि मिस्टरांचा रिपोर्ट हे सगळं झालंय का ते बघा, आणि डॉक्टरांना तोंडावर विचारा की या 18 टक्क्यावरून माझ्या गर्भाशयातलं नक्की काय कळलं.