जुन्या बसचं इंजिन बसलं : उघडायचं की बदलायचं?

प्रश्न : १९६९ सालची फोक्सवॅगन टाइप २ बस आहे, १६०० सीसीचं मूळ एअर-कूल्ड इंजिन. लांबच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये असताना फटाक्यासारखा आवाज झाला, ताकद गेली, पाठोपाठ लोखंडी खडखड सुरू झाली. लगेच बंद केली. एक जण म्हणतो हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवून दुरुस्त करा, दुसरा म्हणतो सरळ दुसरं इंजिन टाका. कोणाचं ऐकावं?

अजून कोणाचंच नको. आधी इंजिनाचं ऐका, तेही स्टार्टर न मारता. आत तुटका तुकडा असेल तर स्टार्टरचा प्रत्येक फेरा तो पिस्टनमध्ये आणखी ठोकतो.

वर्णनावरून तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटलेलं दिसतं. या इंजिनाचं ते जुनं दुखणं आहे. बसच्या मागे उभं राहून पुढे पाहिलं की उजवीकडे पुढचा १, मागचा २; डावीकडे पुढचा ३, मागचा ४. फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) गाडीच्या पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. १९७०च्या मॉडेलपर्यंत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, थेट हवेच्या वाटेत उभा असे आणि तिसऱ्याच्या वाट्याला त्याची उरलेली गरम हवा येई. त्याची भरपाई म्हणून डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागात) तिसऱ्याचा ठिणगीचा क्षण मुद्दाम थोडा मागे ठेवलेला असतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटलं की भार पूर्ण, पण फेरे कमी. पंखा पट्ट्यावर चालतो, म्हणजे हवाही कमी. व्हॉल्व्हचा दांडा तापून ताणतो, मान बारीक होते आणि एक दिवस डोकं सुटतं.

डावं टॅपेट कव्हर तारेची कडी पाडून काढा. क्रँक पुलीच्या बोल्टला ३० मि.मी.चा पाना लावून इंजिन हाताने, सावकाश फिरवा. तिसऱ्याचा एखादा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) ढिला लटकतोय का, एखादी स्प्रिंग वाकडी बसली आहे का, ते पाहा. प्लगचं टोक चेपलेलं असेल तर निदान झालंच. मग उरलेल्या तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) मोजा. ७ ते ९ बार असेल तर ते ठीक आहेत.

आता ऑइल. तळाच्या गोल प्लेटचे सहा नट (१० मि.मी.) सोडा, जाळी बाहेर काढा आणि ऑइल पांढऱ्या ताटात ओता. या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, सगळा हिशेब जाळीवर आणि ताटात दिसतो. चंदेरी, चुंबकाला न चिकटणारे चपटे कण पिस्टनचे. चुंबकाला चिकटणारा कीस कॅम, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) किंवा गिअरचा. राखाडी चमक आणि त्यात तांबूस छटा दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. नुसतं ॲल्युमिनियम असेल तर आशा आहे. तांबं दिसलं तर हेडपुरती दुरुस्ती विसरा.

तिसरी तपासणी अर्ध्या मिनिटाची, पण निर्णय बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतो. क्रँक पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला. नव्या इंजिनात ही हालचाल ०.०७ ते ०.१३ मि.मी. असते, ०.१५च्या पुढे गेली की मर्यादा संपली. हाताला ‘टक्’ असं जाणवलं तर डायल गेज लावून मोजा. फ्लायव्हीलमागच्या तीन शिमांनी (पातळ चकत्यांनी) ही फट भरता येते, पण पहिलं बेअरिंगच केसमध्ये (क्रँक ज्यात बसतो त्या इंजिनाच्या कवचात) सैल झालं असेल तर शिम म्हणजे वरवरचा लेप. थोड्याच दिवसांत ठोका परत येतो.

केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, हलकी पण मऊ. तिसऱ्या सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला डिझेलने पुसून बारीक तडा शोधा. तडा असेल तर दुसरी केस घ्या. वेल्डिंगचा मोह टाळा. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं.

तर निर्णय असा : ताटात तांबं नाही, क्रँकची हालचाल मर्यादेत, केसला तडा नाही, तर इंजिन उतरवून वरचा भाग नव्याने बांधा. फक्त तिसऱ्याचा नव्हे. तुमच्या हेडमध्ये ३ आणि ४ साठी इनटेकची वाट एकच आहे. तुटके कण तिथून चौथ्यात ओढले जातात. त्यामुळे दोन्ही हेड, चारही पिस्टन-सिलिंडर (८५.५ मि.मी.) एकाच संचातले घ्या आणि पिस्टन काट्यावर तोला. वजनात १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. तिसऱ्याचा कनेक्टिंग रॉड वाकला आहे का, हे तपासल्याशिवाय नवा पिस्टन चढवू नका. जुने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दिसायला कितीही चांगले असोत, पुन्हा वापरायचे नाहीत.

बांधताना हमखास चुकणाऱ्या जागा थोड्याच आहेत. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे. पुशरॉडच्या (रॉकर ढकलणाऱ्या काड्यांच्या) नळ्या बसवण्याआधी ताणून १९० ते १९१ मि.मी. करा आणि शिवण वर ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ऑइल टपकेल. हेडचे १० मि.मी.चे स्टड असतील तर ३१ न्यूटन-मीटर, ८ मि.मी.चे असतील तर २५. आधी सगळे नट १० पर्यंत, मग पूर्ण. कसताना नट गोल फिरतोय पण ताण वाढत नाही असं वाटलं की थांबा. केसमधले आटे उपटत आहेत, तिथे स्टीलची आट्यांची बुशिंग बसवावी लागेल.

आणि तपासणीत केस किंवा क्रँक नापास झाला तर? केसचे बेअरिंगचे गाळे मुळात ६५ मि.मी.चे, ते ०.५ किंवा १ मि.मी.ने वाढवून जाड बेअरिंग घालता येतात. क्रँकही पाव-पाव मि.मी.ने तासता येतो. पण गाळे आधीच एकदा वाढवलेले असतील आणि क्रँकही तासलेला असेल, तर बांधलेलं दुसरं इंजिन घेणं शहाणपणाचं. मूळ क्रमांक जपायचा असेल तर लक्षात ठेवा, तो केसवर, जनरेटरच्या स्टँडखाली कोरलेला असतो. केस बदलली की क्रमांक बदलला, आणि कागदपत्रंही.

दुसरं इंजिन घेताना तीन गोष्टी पाहा. फ्लायव्हील १३० दात्यांचं आणि क्लच २०० मि.मी.चा हवा. मागच्या आधारपट्टीसाठी केसवर आटे पाडलेले हवेत. बीटलमधून आलेल्या केसवर ते असतीलच असं नाही. आणि १९७२पासून बसमध्ये आलेलं १७०० सीसीचं इंजिन हे वेगळंच कूळ आहे, ते तुमच्या जागेत नुसत्या बोल्टांवर बसणार नाही.

इंजिन उतरवताना बॅटरीची अर्थिंगची तार आधी, मग पेट्रोलची नळी बंद करून तोंडाला बूच. इंजिन शंभर किलोच्या वर भरतं. इंजिनाखाली ट्रॉली जॅक लावून, गिअरबॉक्सला वेगळा टेकू देऊन, वरचे दोन आणि खालचे दोन जोड सोडा. मग इंजिन सरळ मागे ओढा, गिअरबॉक्सचा शाफ्ट पूर्ण सुटेपर्यंत खाली सोडू नका. घाई केली तर क्लच प्लेट वाकते, आणि ते कळतं सगळं परत चढवल्यावर.

चढवताना इंजिनाभोवतीची रबरी पट्टी नवी घाला आणि एकही पत्रा गाळू नका. पट्टी फाटकी असेल तर एक्झॉस्टची गरम हवा पंखा परत आत ओढतो, आणि नवं हेड जुन्याच्याच वाटेने जातं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग नवा कॅम असेल तर चालू होताच २० मिनिटं मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर ठेवा, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) नको. गरम असतानाच ऑइल बदला (२.५ लिटर). ५०० कि.मी.ला परत ऑइल आणि टॅपेट. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.१५ मि.मी. पुढे प्रत्येक वेळी फट वहीत लिहा. एकाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट दर खेपेला कमी होत असेल तर तो ताणतोय. तुटायची वाट पाहू नका.

प्रश्न : गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो. जाड ऑइल घातलं तर चालेल का?

दिवा विझेल, दुखणं राहील. ऑइल जाड असलं की रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडून ते कूलरला वळसा घालतं, म्हणजे इंजिन आणखी तापतं. स्विचच्या जागी गेज लावा : ऑइल ७० अंशांवर असताना २५०० फेऱ्यांना २ बार दाब हवा. तेवढा मिळत असेल तर स्विच बदला. नसेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्हचा दट्ट्या अडकलाय का ते पाहा, मग पंपाच्या झाकणावरचे चरे. दोन्ही ठीक निघाले तर बेअरिंग.

प्रश्न : असंच इंजिन चार वर्षं उभं राहून जाम झालंय. ढकलून, गिअर टाकून सोडवावं का?

नको, गंजून चिकटलेल्या रिंगा तुटतात. प्लगच्या भोकांतून गंज सोडवणारं पातळ तेल घाला आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. पुलीच्या बोल्टला पाना लावून अगदी थोडं मागे-पुढे करा; एकाच दिशेने जोर लावू नका. सुटलं तरी लगेच सुरू करायचं नाही. जुनं ऑइल काढा, जाळी धुवा, पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. वाळलेली नळी कार्ब्युरेटरपाशी चिरली की खाली गरम इंजिन असतं.