फ्रान्समधील जिल्ह्यांचा कारभार निवडून आलेली परिषद चालवते की सरकारने नेमलेला अधिकारी?

दोघेही, परंतु त्यांची कामे वेगळी आहेत. फ्रान्समधील जिल्ह्याला देपार्तमाँ म्हणतात आणि त्याचा स्थानिक कारभार लोकांनी सहा वर्षांसाठी निवडलेली परिषद पाहते. या परिषदेचे सदस्य आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात. अंदाजपत्रक मांडणे आणि ठरावांची अंमलबजावणी करणे ही त्याची जबाबदारी असते. १९८२ पर्यंत हे कार्यकारी अधिकार केंद्राने नेमलेल्या प्रीफेक्टकडे होते. त्या वर्षीच्या विकेंद्रीकरण कायद्याने ते परिषदेच्या अध्यक्षाकडे सोपवले, आणि हाच बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रीफेक्ट आजही आहे, मात्र तो कायदा-सुव्यवस्था सांभाळतो आणि परिषदेचा एखादा निर्णय बेकायदा वाटल्यास स्वतः रद्द न करता प्रशासकीय न्यायालयाकडे नेतो.

परिषदेचा सर्वाधिक खर्च समाजकल्याणावर, म्हणजे वृद्ध, अपंग, निराधार मुले आणि किमान उत्पन्नाचे साहाय्य मिळणारी कुटुंबे यांच्यावर होतो. माध्यमिक शाळांच्या इमारती आणि जिल्हा रस्तेही तिच्याकडेच असतात.

२०१५ पासून प्रत्येक मतदारसंघातून, म्हणजे काँतोंमधून, एक स्त्री व एक पुरुष अशी जोडी एकत्र निवडून येते, त्यामुळे परिषदेत स्त्रियांची संख्या निम्मी असते. पॅरिससारख्या काही ठिकाणी मात्र रचना वेगळी आहे.