आठ कॅमेरे, एक प्रॉक्सी

आठ सीसीटीव्ही कॅमेरे बाहेरून बघायचे असतील तर प्रत्येक कॅमेऱ्यासाठी राउटरवर वेगळा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडू नका. कॅमेऱ्यांचं फर्मवेअर बहुधा जुनंच राहतं, त्यांना थेट इंटरनेटवर ठेवणं धोक्याचं आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा एचटीटीपी प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आरटीएसपी, म्हणजे कॅमेरे व्हिडिओ पाठवतात ती पद्धत, हाताळत नाही, तिथे वेळ घालवू नका.

त्याऐवजी मीडियाएमटीएक्स हा व्हिडिओ स्ट्रीमसाठीचा प्रॉक्सी बसवा. तो कॅमेऱ्याकडून स्ट्रीम एकदाच घेतो आणि बघणारे कितीही असोत, सगळ्यांना तोच पुरवतो. टीसीपीवर पोर्ट एकच, ८५५४. फक्त पाथ, म्हणजे पत्त्याचा शेवटचा भाग, वेगळे: गेट, जिना, पार्किंग. कॅमेऱ्याकडून येणारं चित्र फाटत असेल तर तिथेही यूडीपी सोडून टीसीपी (हरवलेला डेटा पुन्हा पाठवणारी पद्धत) लावा.

अपलोडचा हिशोब मात्र आधीच करा, बहुतेकांचं इथेच अडतं. ४ एमबीपीएसचे ८ कॅमेरे म्हणजे बाहेरून बघणाऱ्या एका माणसामागे ३२ एमबीपीएस. लाइनला झेपत नसेल तर ग्रिडमध्ये, म्हणजे सगळे कॅमेरे एकत्र दिसतात तिथे, सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं, हलकं चित्र) दाखवा, मोठं चित्र क्लिक केल्यावरच मागवा.