जुन्या जॅझ तबकड्या जमवू पाहणाऱ्यास
आपण संग्रहाला सुरुवात करत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी तबकडी लाखेची असल्याने ती स्पिरिटने कधीही पुसू नये, आणि तिच्यावर एलपीची (नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) बारीक सुई ठेवू नये, कारण तिची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असून बारीक सुई तळाशी घासत राहते व खरखर वाढते. नाशिकच्या पावसाळ्यात, विशेषतः पंचवटीतील जुन्या वाड्यांत, कागदी पाकिटांना बुरशी धरते. तबकड्या कोरड्या जागी उभ्याच ठेवाव्यात. ऐकण्याचा आरंभ अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हॉट फाइव्ह’ या वाद्यवृंदाच्या १९२५ ते १९२८ मधील ध्वनिमुद्रणांपासून करावा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत (आपल्या ख्यालगायकांनाही तेव्हा हेच बंधन होते), आणि तेवढ्या अवकाशात आर्मस्ट्राँग जे मांडतात, त्यासाठी मी आजही एकच बाजू सलग चार-पाच वेळा ऐकतो.