राइट क्लिक केलं की एक्सप्लोरर पडतो? फॉरमॅटच्या आधी हे करा

कंप्युटरच्या दुकानदाराचं ऐकून फॉरमॅट मारू नका, निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ वर राइट क्लिक करून 'शो मोअर ऑप्शन्स' म्हटलं की वर्तुळ फिरत राहतं, मग टास्कबारसकट सगळं गायब होतं आणि दोन-तीन सेकंदांत परत येतं. टास्कबार जातो म्हणून व्हायरसची धास्ती घेऊ नका. टास्कबार, डेस्कटॉप आणि फोल्डरच्या खिडक्या हे सगळं एक्सप्लोरर हीच प्रोसेस सांभाळते. ती पडली की सगळंच जातं, आणि विंडोज तिला पुन्हा उभी करतं.

तुमच्या तक्रारीतली कामाची गोष्ट म्हणजे ते 'शो मोअर ऑप्शन्स'. नवा छोटा मेन्यू नीट उघडतो आणि जुना लांबलचक मेन्यू काढताना घोळ होतो, म्हणजे पहिला संशय शेल एक्स्टेन्शनवर, एक्सप्लोररला बाहेरच्या सॉफ्टवेअरने जोडलेल्या तुकड्यावर. झिपवाले, अँटिव्हायरसवाले, पीडीएफवाले, जो तो इन्स्टॉल होताना त्या मेन्यूत आपली एक ओळ घुसवतो. त्या ओळीसाठी त्यांची डीएलएल, म्हणजे प्रोग्रामच्या कोडची फाइल, थेट एक्सप्लोररच्या पोटात लोड होते. तिने माती खाल्ली की मरतो एक्सप्लोरर आणि शिव्या पडतात मायक्रोसॉफ्टला. एरवी त्या रास्त असतात, इथे नाहीत.

आता नाव काढू. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. क्रॅश झाला त्या दिवसावर लाल फुली असेल. खाली विंडोज एक्सप्लोररच्या नोंदीचे टेक्निकल डिटेल्स उघडा आणि 'फॉल्ट मॉड्यूल नेम' ही ओळ वाचा. तिथे कुणा तिऱ्हाईताची डीएलएल निघाली तर ते सॉफ्टवेअर अपडेट करा, नाहीतर काढून टाका. 'एनटीडीएलएल' दिसलं तर मात्र हुरळून जाऊ नका. ती विंडोजचीच फाइल. प्रेत तिच्या दारात सापडतं, खून बहुधा दुसरीकडे झालेला असतो.

तसं झालं तर नीरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू घ्या, ही एक्स्टेन्शन्स दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर, फुकट आहे. अ‍ॅडमिन म्हणून चालवा. मायक्रोसॉफ्टबाहेरची एक्स्टेन्शन्स त्यात गुलाबी दिसतात. 'कॉन्टेक्स्ट मेन्यू' (राइट क्लिकचा मेन्यू) प्रकारातली सगळी गुलाबी निवडून एफ७ दाबा. ती फक्त बंद होतात, पुसली जात नाहीत. मग टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. पडणं थांबलं तर एफ८ ने अर्धी चालू करा, बघा, पुन्हा उरलेल्यांतली अर्धी. चाळीस असली तरी सहा फेऱ्यांत चोर सापडतो. माझ्याकडे तो एका पीडीएफ सॉफ्टवेअरचा निघाला. सॉफ्टवेअर मी कधीच काढून टाकलं होतं, डीएलएल मागे ठाण मांडून बसली होती.

एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजची तपासणी कमांड चालवा असं सगळे सांगतील. चालवा, काही बिघडत नाही, पण ते विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुरुस्त करतं. तिऱ्हाईताच्या डीएलएलला हात लावत नाही.

न पडता नुसतं अडकत असेल, पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ रांगत असेल, तर दुखणं वेगळं. तेव्हा एक्सप्लोरर बहुतेक कुणाची तरी वाट बघत असतो. 'धिस पीसी'मध्ये जुन्या ऑफिसचा लाल फुलीवाला नेटवर्क ड्राइव्ह पडून असेल तर डिस्कनेक्ट करा. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' ला 'धिस पीसी' ठेवा आणि खालचं 'क्लिअर' दाबा. एकटं डाउनलोड्सच रखडत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये, कस्टमाइझखाली, 'जनरल आयटम्स' निवडा.

एकच ठिकाण असं आहे जिथे घाई करायची. इव्हेंट व्ह्यूअरच्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीच्या, सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या सोर्सखाली ७ नंबरची, बॅड ब्लॉकची (डिस्कचा भाग खराब झाल्याची) नोंद दिसली तर वरचं सगळं सोडा. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर काढा. डिस्क तपासणारं चेकडिस्क त्यानंतर, आधी मुळीच नाही.

फॉल्ट मॉड्यूलची ओळ जशीच्या तशी लिहून कळवा. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त तिरका नको.